प्लास्टिकचा तांदूळ, चोरबीटी आणि चिन्नोर



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलायचे म्हणजे जबाबदारी आली. शाळा सुटली की धानाच्या बांधीत उतरणारा तो माणूस. न समजलेल्या गोष्टीचे कौतुक त्यांना खपत नसे, आणि न समजलेल्या गोष्टीची भीतीही. पत्रिकेवर आजचा विषय ‘जनुकतंत्रज्ञान : समज, गैरसमज आणि भीती’ असा छापला आहे. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले, त्यामुळे फळा दिसला की डीएनएची शिडी काढायचा मोह होतो. तो आवरतो आणि रेशनच्या दुकानापासून सुरुवात करतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे घडले आहे. रेशनचा तांदूळ धुवायला पातेल्यात घेतला, पाणी ओतले आणि काही दाणे तरंगून वर आले. हातात घेऊन पाहिले तर बाकीच्या दाण्यांहून थोडे पिवळसर, गुळगुळीत, सगळे एकाच मापाचे. खऱ्या तांदळाच्या टोकाला अंकुर निघून गेल्याचा बारीकसा खळगा असतो, तो यांना नाही. “सर, हा तांदूळ प्लास्टिकचा आहे का जी?” हा प्रश्न मला किती बायांनी विचारला असेल! एकीने तर असे दाणे एकेक वेचून कागदाच्या पुडीत बांधून आणले होते. मोबाइलवर व्हिडिओ फिरत होतेच. कोणी दाणे तव्यावर जाळून दाखवत होते, कोणी भाताचा गोळा चेंडूसारखा जमिनीवर आपटत होते.

ते दाणे प्लास्टिकचे नव्हते. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळायचे, त्याचा उंडा यंत्रातून दाबून तांदळाच्या आकाराचे दाणे काढायचे, आणि शंभर किलो तांदळात असे एक किलो दाणे मिसळायचे, अशी ती पोषणयुक्त तांदळाची योजना. १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून तिची घोषणा झाली. त्याआधी आपल्या भंडाऱ्याच्या शेजारच्या गडचिरोलीत तिचा प्रयोग झाला होता. आपल्याच राईस मिलमध्ये भरडाई होते आणि आपल्याच मिलमध्ये हे दाणे मिसळले गेले. म्हणजे ज्या जिल्ह्यात हा तांदूळ तयार झाला, त्याच जिल्ह्यात तो प्लास्टिकचा ठरला.

तालुक्याच्या ठिकाणी यावर हसणारे पुष्कळ भेटले. “अडाणी लोक, दुसरे काय.” मला हे हसणे अजिबात पटत नाही. धान रोवण्यात, कापण्यात, चुरण्यात आणि पाखडण्यात जिचा जन्म गेला, तिला तांदळाचा दाणा ओळखता येत नाही, असे म्हणणाऱ्याने आधी स्वतः तांदूळ निवडून पाहावा. तिचे निरीक्षण शंभर टक्के बरोबर होते : हा दाणा शेतातला नव्हे, यंत्रातला आहे. चुकले ते त्यापुढचे कारण. कारण चुकले, कारण ते तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिच्या ताटात काय बदलले हे दिल्लीला ठाऊक, मिलवाल्याला ठाऊक, पुरवठा खात्याला ठाऊक. फक्त तिला ठाऊक नव्हते.

याच दाण्याशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे आणि ती मला प्लास्टिकपेक्षा जास्त लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांत लोहयुक्त अन्नाच्या वेष्टनावर एक सूचना बंधनकारक होती. थॅलेसेमियाच्या रुग्णांनी ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली खावे आणि सिकलसेलच्या रुग्णांनी खाऊ नये, अशी. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण किती आहेत हे या सभागृहात सांगायची गरज नाही. पण रेशनचा तांदूळ सुटा मिळतो. पोत्यावरची सूचना पोत्यावरच राहते, पिशवीत उतरत नाही. पुढे केंद्राने समिती नेमली. या रुग्णांना त्या तांदळाने अपाय होतो असा पुरावा नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला आणि २०२४ साली ती सूचना काढून टाकली गेली. निष्कर्ष मला मान्य आहे. पण सूचना होती तेव्हा ती घरापर्यंत आली नाही आणि निघाली तेव्हा का निघाली हेही घरापर्यंत आले नाही. गावात चर्चा झाली ती नसलेल्या प्लास्टिकची. खरा विचारण्यासारखा प्रश्न सिकलसेलचा होता, तो कोणी विचारला नाही.

पोषणयुक्त तांदळाचा जनुकाशी काही संबंध नाही, हे मला माहीत आहे. तरी इथून सुरुवात केली, कारण जनुकांबद्दलच्या भीतीची घडण मी जवळून पाहिली तेव्हा ती बहुतेक ठिकाणी अशीच निघाली. लोकांनी पाहिलेले खरे असते, लावलेले कारण खोटे असते, आणि त्या दोहोंच्या मध्ये कोणीतरी गप्प बसलेले असते.

आता बीटी कापूस घ्या. आपला जिल्हा धानाचा. कापूस वर्ध्याला, यवतमाळला. पण सोयरिकी तिकडे आहेत, बातम्या तिकडून येतात, आणि जीएम, म्हणजे जनुक बदललेले पीक, म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कापूसच येतो. २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाला परवानगी मिळाली. अमेरिकेच्या मोन्सँटोचे जनुक आणि जालन्याच्या महिकोची वाणे. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात घातले, त्यामुळे बोंडअळीला विषारी ठरणारे प्रथिन झाड स्वतःच तयार करते. देशात व्यापारी लागवडीसाठी आजवर शेतकऱ्याच्या हातात पडलेले जीएम पीक हे एवढेच. “आम्ही जीएम खात नाही” असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, गाईला सरकी ढेप घालता ना? ती सरकी बीटीचीच. सरकीचे तेल कितीतरी खाद्यपदार्थांत जाते. वीस वर्षांहून अधिक काळ हे चालू आहे आणि यासाठी कोणी कोणाची संमती घेतलेली नाही. त्यातून कोणी आजारी पडल्याचे दिसलेले नाही, हेही तितकेच खरे.

बीटीबद्दलची सर्वांत चिवट समजूत म्हणजे “हे बी वांझोटे असते, दुसऱ्या वर्षी उगवतच नाही.” या समजुतीचा उगम सांगतो. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत एका तंत्राला पेटंट मिळाले. त्या तंत्राने बियाण्याची पुढची पिढी उगवण्यास असमर्थ करता येणार होती. विरोधकांनी त्याला ‘टर्मिनेटर’ नाव दिले आणि ते नाव जगभर गाजले. त्याच वर्षी कर्नाटकात चाचणीच्या प्लॉटमधला जीएम कापूस उपटून जाळण्यात आला. प्रत्यक्षात ते तंत्र बाजारात कधीच आले नाही. आपल्या २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने तर अशा वाणाची नोंदणीच नाकारली आहे. मग वर्ध्याचा शेतकरी खोटे बोलत होता का? नाही. त्याने ठेवलेली सरकी लावली, झाडे उंच-ठेंगणी आली, उतारा पडला, आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा पाकीट विकत घ्यावे लागले. याचे कारण संकरित बियाणे. संकरिताचे बी धरले की पुढच्या पिढीत गुण विस्कटतात, हे जनुक घालण्याच्या आधीपासून चालत आले आहे. पण इतर देशांत बीटी कापूस बहुतांशी सरळ वाणांत आला आणि भारतात संकरितांत आला. संकरितामुळे बियाण्याचा धंदा दरवर्षी नव्याने होतो. “कंपनीने आम्हाला बांधून टाकले” हे शेतकऱ्याचे म्हणणे खरे होते. बांधणारी दोरी मात्र टर्मिनेटरची नव्हती.

‘पाहिलेले खरे, कारण खोटे’ हा हिशेब सगळीकडे बसतो असे मात्र नाही. २००६ साली वारंगळ भागात बीटी कापसाच्या पऱ्हाटीवर चरलेल्या मेंढ्या मेल्याची बातमी आली आणि आजही ती भाषणांत सांगितली जाते. तपासात बीटी प्रथिनाशी संबंध सिद्ध झाला नाही. इथे पाहणेच अपुरे होते.

आणि काही भीती शंभर टक्के खरी ठरली. एकच विष वर्षानुवर्षे अळीपुढे ठेवले तर अळी ते पचवायला शिकते, हे कीटकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. बीटीच्या कडेने साध्या कापसाच्या ओळी लावायच्या, म्हणजे अळीची प्रतिकारशक्ती हळू वाढेल, असा नियम होता. पाकिटासोबत ते वेगळे बीही येत असे. ते किती जणांनी लावले हे कापूस पट्ट्यात सर्वांना ठाऊक आहे. गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नसल्याचे २०१० साली खुद्द कंपनीनेच मान्य केले. २०१७ साली विदर्भात ती अळी अशी पसरली की फवारणीला पारावार उरला नाही, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्याच वर्षी आपल्याकडे धानावर तुडतुडा पडला होता. नागपूरच्या अधिवेशनात बोंडअळी आणि तुडतुडा यांची मदत एकाच दमात जाहीर झाली ती आठवत असेल. ‘बोंडअळीपासून कायमची सुटका’ असे ज्याने ऐकले होते, त्याच्या मनात यानंतर पुढच्या कुठल्याही नव्या बियाण्याबद्दल संशय राहिला तर तो विज्ञानविरोधी कसा?

लोक म्हणजे एकच मत, असेही समजू नका. २००६ साली हरियाणात करनालजवळ शेतकऱ्यांनी बीटी धानाचा चाचणी-प्लॉट जाळला. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंदी असलेला तणनाशक-सहनशील कापूस जाहीरपणे पेरला आणि कारवाई करायची असेल तर करा म्हणाले. निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, हे त्यांचे कारण. त्या बियाण्याला आपल्याकडे चोरबीटी म्हणतात. पाकिटावर नाव नाही, पावती नाही, फसवणूक झाली तर दाद मागायला जागा नाही, तरी ते विकले जाते. शहरात बसून जीएमची भीती बाळगणारा आणि गावात चोरबीटी लावणारा, दोघेही महाराष्ट्राचेच. भीती किती वाटते हे बऱ्याचदा गरज किती आहे यावर ठरते.

बीटी वांग्याची कहाणी थोडक्यात सांगतो. जालन्यात घडलेल्या या वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने मान्यता दिली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशात सात ठिकाणी जनसुनावण्या घेतल्या, त्यांत एक जानेवारी २०१० मध्ये आपल्या नागपूरला झाली. आरडाओरड झाली, घोषणा झाल्या, शेतकरीही बोलले आणि शास्त्रज्ञही. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी निर्णय तहकूब ठेवला. पुढे तेच वांगे बांगलादेशने २०१३ साली स्वीकारले आणि तिथले शेतकरी ते पिकवतात. माझे मत विचाराल तर सुनावणी घेणे योग्य होते, तहकुबीही एक वेळ योग्य म्हणू. पण दीड दशक उलटून गेले तरी ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, हा कारभार लोकांच्या नावाखाली चाललेला आळस आहे.

आता आपल्या बांधीत उतरू.

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिल्लीत धानाची दोन वाणे जाहीर केली. एक हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेचे ‘डीआरआर धान १००’, म्हणजेच ‘कमला’. ते सांबा मसुरीपासून केले आहे. दुसरे दिल्लीच्या पुसा संस्थेचे ‘पुसा डीएसटी राईस १’. ते कशापासून केले? एमटीयू १०१० पासून. आपले १०१०! आधारभूत केंद्रावर ज्याची पोती उभी असतात, ते. ‘कमला’ची शिफारस ज्या राज्यांसाठी आहे त्यांत महाराष्ट्रही आहे. म्हणजे ही गोष्ट आता अमेरिकेची किंवा यवतमाळची राहिली नाही, मोहाडी-लाखनी-साकोलीची झाली.

या वाणांत नेमके काय केले ते ऐका, कारण गावात येईल तोवर त्याचे ‘माशाचे जनुक घातलेले धान’ होईल. लोंबीत किती दाणे धरायचे हे ठरवणारे एक संप्रेरक धानाच्या झाडात असते. एक विकर त्या संप्रेरकाचा सतत निचरा करत असते. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी ते विकर बनवणारे जनुक निकामी केले. बांधीतून पाणी निघायची वाट बुजवली की पाणी साचते, तसे संप्रेरक साचते आणि लोंबीत दाणे वाढतात. मूळ वाणापेक्षा सुमारे १९ टक्के जास्त उतारा आणि २० दिवस लवकर कापणी, असा संस्थेचा दावा आहे. पुसाच्या वाणात खारेपणा आणि पाण्याचा ताण सोसण्याशी संबंधित जनुकाला असाच धक्का दिला आहे. बाहेरचे जनुक कुठलेही ठेवलेले नाही. बीटीमध्ये बाहेरून जनुक आणले होते, इथे घरातलेच एक बंद केले आहे. हा फरक मोठा आहे आणि तो भीतीने किंवा उत्साहाने पुसून टाकू नये.

जनुक बिघडवले म्हटल्यावर कपाळाला आठी पडते. पण आपण खातो तो बराचसा तांदूळ बिघडलेल्या जनुकांचाच आहे. साठच्या दशकात ठेंगणे धान आले, खत घातले तरी लोळेना झाले, ते उंची वाढवणारे एक जनुक निसर्गतःच तुटलेले होते म्हणून. बासमतीला आणि जगातल्या बहुतेक सुवासिक तांदळांना वास येतो तोही एक जनुक तुटल्यामुळे. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे सर्वाधिक पेरला गेलेला टीएयू-१ हा उडीद ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाच्या मदतीने उत्परिवर्तन घडवून, अकोल्याच्या विद्यापीठासोबत तयार केला. किरणांच्या माऱ्याने जनुकांत कुठे कुठे काय बदलते याचा नेम नसतो. त्या उडदाचे वडे खाताना कोणी घाबरले नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हते. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने एका ठरलेल्या जागी केलेला बदल याच्याहून भयंकर, असे म्हणायला मला शास्त्रात आधार सापडत नाही.

मग सगळे आलबेल आहे का? नाही. आणि इथे मी शास्त्रज्ञांच्या बाकावरून उठून तुमच्या बाकावर येऊन बसतो.

मार्च २०२२ मध्ये केंद्राने असा निर्णय केला की परके जनुक नसलेल्या संपादित वाणांना जीएम पिकांची जैवसुरक्षा प्रक्रिया लागू राहणार नाही. शास्त्राच्या बाजूने त्याला आधार आहे. पण त्या निर्णयाबरोबर सुनावणी गेली, पाकिटावरच्या ठळक सूचनेची सक्ती गेली, प्रश्न विचारायची जागाही गेली. वाणे जाहीर झाल्यावर काही संघटनांनी चाचण्यांच्या आकडेवारीवरच आक्षेप घेतले, भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते फेटाळले. दोघांचे म्हणणे खरे-खोटे करायला मी इथे उभा नाही. पण साकोलीच्या संशोधन केंद्रात शंभर शेतकऱ्यांसमोर मूळ वाण आणि संपादित वाण शेजारी-शेजारी लावले असते, कापणी सर्वांदेखत केली असती आणि वजनकाट्यावरचा आकडा फलकावर लिहिला असता, तर हा वाद वर्तमानपत्रात झालाच नसता. जुलै २०२४ मध्ये जीएम मोहरीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले. पण जीएम पिकांबद्दल सर्वांशी बोलून राष्ट्रीय धोरण ठरवा, यावर दोघेही एक होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट मिसळीची. धानाचे फूल सकाळी तास-दीड तास उघडते आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे वाऱ्याने शेजारच्या बांधीतले गुण येतील ही भीती धानात फार मोठी नाही. मिसळ होते ती दुसरीकडे. हार्वेस्टर एका बांधीतून निघून दुसऱ्या बांधीत शिरतो तेव्हा त्याच्या पोटात पसाभर धान राहिलेलेच असते. खळ्यावर, पोत्यात, मिलच्या पाखडणीत पुन्हा तेच. २००६ साली अमेरिकेत बाजारात न आलेल्या एका जीएम धानाचा अंश साध्या तांदळात सापडला. युरोपने माल रोखला, भाव कोसळले, आणि २०११ साली बायर कंपनीला शेतकऱ्यांशी ७५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. २०२१ साली फ्रान्सने भारतातून गेलेल्या तुकडा तांदळात जीएम अंश सापडल्याची सूचना दिली. भारतात जीएम धान पिकतच नाही, असे आपल्या सरकारने उत्तर दिले. तांदूळ खाऊन कोणाला काही झाले नाही, तरी शेतकऱ्याचा माल परत येऊ शकतो. ही भीती आरोग्याची नाही, बाजाराची आहे, आणि मिलवर जगणाऱ्या जिल्ह्याने ती बाळगायलाच हवी.

तिसरी गोष्ट मालकीची. तिच्यासाठी नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी जावे लागेल. दादाजी खोब्रागडे. दीड एकराच्या आसपास जमीन, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३च्या सुमारास ‘पटेल ३’ धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या रंगाच्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडत नेल्या. बारीक दाण्याचे, चवीचे धान झाले. तेव्हा एचएमटीचे घड्याळ लोकप्रिय होते, धानाला तेच नाव पडले. आज भंडारा-गोंदियात ‘एचएमटी’ म्हटले की पाहुण्याच्या ताटातला तांदूळ. १९९४ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ नावाने वाण आणले. विद्यापीठाचे म्हणणे, आम्ही ते शुद्ध केले. खरेही असेल. पण ज्या डोळ्यांनी त्या तीन लोंब्या हेरल्या त्यांना नावात जागा मिळाली नाही आणि पैशातही नाही. सन्मान पुढे पुष्कळ झाले, २०१०च्या फोर्ब्सच्या यादीतही नाव आले. ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हा घरची स्थिती काय होती हे वर्तमानपत्रांत छापून आले होते. शास्त्राच्या भाषेत दादाजींनी निसर्गाने केलेला जनुकातला बदल पकडला. आज तसा बदल प्रयोगशाळेत ठरवून करता येतो. फरक इतकाच की प्रयोगशाळेच्या बदलामागे क्रिस्परची पेटंटे आहेत, आणि ती परदेशी विद्यापीठांच्या व कंपन्यांच्या हाती आहेत.

आणि आता चिन्नोर. भंडारा चिन्नोर तांदळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भाताला उकळी आली की दोन घरे पलीकडे वास जातो. उतारा कमी, दिवस जास्त, धान लोळते, म्हणून लावणारे थोडे. आता विचार करा. सुवास एका तुटलेल्या जनुकाशी निगडित आहे हे ठाऊक आहे, आणि साध्या तांदळात ते जनुक तोडून त्याला वास आणण्याचे प्रयोग जगात यशस्वी झालेले आहेत. उद्या कोणी भरघोस उताऱ्याच्या साध्या वाणाला तसाच वास दिला, तर? खाणाऱ्याच्या तब्येतीला काडीचा धोका नाही. पण पवनीच्या किंवा लाखांदूरच्या ज्या शेतकऱ्याने कमी उतारा सोसून चिन्नोर जपला, त्याच्या भावाचे काय? मानांकनाने नाव जपले जाते, वास जपला जात नाही. जीएमविरोधी सभांत मी माशाची जनुके आणि राक्षसी टोमॅटो ऐकले, पण हा प्रश्न एकदाही ऐकला नाही.

आरोग्याच्या बाबतीत आपली भीती वेगळी वागते. मधुमेहाचे इन्सुलिन १९८२ पासून जनुक बदललेल्या जिवाणूंकडून करून घेतले जाते, पूर्वी ते डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढत. ते टोचून घेताना कोणी पाकीट वाचत नाही. कोविशील्ड म्हणजे चिंपांझीच्या सर्दीचा एक विषाणू, त्याला निरुपद्रवी करून त्यात करोनाचे एक जनुक घातलेला, पुण्यात तयार झालेला. लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, अशी अफवा आपल्या गावांतही आली. ती कुठे विरली? जिथे ओळखीची आशाताई आधी स्वतः टोचून घेऊन मग दारी आली तिथे. विज्ञानाच्या पत्रकाने जे झाले नाही ते तिच्या दंडावरच्या टोचणीने झाले. सजीवांची जनुके नव्याने लिहिणाऱ्या सिंथेटिक बायॉलॉजीने तर याच्या पुढची मजल मारली आहे. २०१० साली क्रेग व्हेंटर यांच्या चमूने संगणकावर लिहिलेला आणि रसायनांतून जोडलेला संपूर्ण जनुकसंच जिवाणूत घालून तो चालवून दाखवला. हिवतापाच्या औषधाचा कच्चा माल यीस्टकडून बनवून घेतला गेला. त्यात दुरुपयोगाचा धोका खरा आहे, पण तो आपल्या बांधीपेक्षा मोठ्या देशांच्या प्रयोगशाळांत आहे. त्याला आज फार वेळ देत नाही.

सिकलसेलला मात्र देतो. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलते आणि माणूस जन्मभर कळा सोसतो. क्रिस्परवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत परवानगी मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआरच्या जनुकशास्त्र संस्थेने देशी उपचार तयार केल्याचे जाहीर झाले. त्याला बिरसा मुंडांच्या नावावरून ‘बिरसा १०१’ म्हणतात, आणि तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला आहे. चाचण्या, खर्च, रुग्णालयांची तयारी हे सगळे अजून पुढे आहे. पण तो कधी तरी आपल्या दारी येईल तेव्हा “रक्तात काय घालतात कोणास ठाऊक” हे वाक्य ऐकू येणारच. आपल्या वस्त्यांतून रक्ताचे नमुने नेणारे बरेच आले, निकाल सांगायला परत आलेले थोडे. तो संशय आपण आजपासून दूर करायला लागलो नाही, तर ज्यांच्यासाठी हे औषध बनले तेच मागे राहतील.

म्हणून शेवटी काही मागणे मागतो. विद्यापीठाच्या आणि कृषी विभागाच्या लोकांना : संपादित वाण या जिल्ह्यात देण्याआधी साकोलीला ते मूळ वाणाच्या शेजारी लावा, कापणीला शेतकऱ्यांना बोलवा, आणि पाकिटावर मराठीत ठळक लिहा की हे जनुक संपादित आहे. लपवलेले बियाणे गावात चोरबीटीच्या वाटेने जाते. पुरवठा खात्याला : तांदळात काही मिसळाल तेव्हा दुकानाच्या पाटीवर मिसळल्याचे लिहा.

आणि तुम्हाला. कुठलेही नवे बी हातात आले की विचारा, कोणी केले, कशापासून केले, दुसऱ्या वर्षी ठेवता येईल का, आणि फसले तर भरपाई कोण देणार. शेवटच्या प्रश्नाचा अधिकार तुम्हाला २००१च्या कायद्याने दिलेला आहे. ज्यांच्या घरी अजून चिन्नोर, हिरानक्की किंवा आजोबांच्या वेळचे कुठलेही वाण आहे, त्यांनी या हंगामात त्याचे थोडे बी वेगळे काढावे, गावाचे नाव आणि साल लिहून ठेवावे, आणि कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने शेतकरी वाण म्हणून नोंदणीला पाठवावे. त्याच कायद्याने शेतकऱ्याला त्या नोंदणीचे शुल्क माफ आहे.